पाठीवर कुंकू लावलेला टीव्ही

कंपनीच्या संकेतस्थळावर आमच्या टीव्हीविषयी एकच वाक्य उरले होते: 'या उत्पादनासाठीचे साहाय्य बंद करण्यात आले आहे.' कोणी बंद केले, केव्हा आणि का, यांपैकी काहीच त्या वाक्यात नव्हते. कर्ता नसलेली वाक्ये लिहिण्यात या कंपन्यांचा हात धरणारा कोणी नाही. वाक्याखाली एका हसऱ्या कुटुंबाचे चित्र होते. चौघेही भिंतीएवढ्या पडद्याकडे पाहत होते आणि पडद्यावर धबधबा कोसळत होता. माणसांनी घरात बसून धबधबा पाहावा आणि त्यासाठी लाखभर रुपये मोजावेत, अशी त्या चित्राची अपेक्षा होती. दोन महिन्यांत मी ते पान अनेकदा उघडले. दर वेळी धबधबा कोसळत होता, कुटुंब हसत होते, आणि मला हवी असलेली फाईल तिथे नव्हती.

ती फाईल म्हणजे बारा वर्षे जुन्या, बत्तीस इंची टीव्हीचे सॉफ्टवेअर. कंपनी त्याला फर्मवेअर म्हणते. गावच्या घरी नवा टीव्ही आल्यापासून हा जुना तीन वर्षे मागच्या खोलीत पडून होता. मी तो अमरावतीला माझ्या खोलीवर आणून पुन्हा सुरू केला तेव्हा कंपनीचे नाव उमटले, चार-पाच सेकंद थरथरले, आणि पडदा काळा झाला. पुन्हा नाव, पुन्हा काळोख. आपल्या नावाखेरीज दुसरे काही न आठवणाऱ्या म्हाताऱ्यासारखे त्याचे झाले होते. भंगारात देऊन मोकळा हो, असे मला भेटलेल्या प्रत्येक शहाण्याने सांगितले. मी देऊ शकत नव्हतो. त्या टीव्हीत माझ्या वडिलांची दहा वर्षांची अढी अडकली होती, आणि त्या अढीच्या तळाशी, मला जवळजवळ खात्री होती, मी होतो.

दहा वर्षांपूर्वी अमरावतीला जिल्ह्याची खंजेरी भजन स्पर्धा झाली होती. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावचे मंडळ अंतिम फेरीत पोचले. पुढे दोन खंजेऱ्या होत्या: एक माझ्या वडिलांची, महादेवरावांची, आणि दुसरी नत्थुजींची. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले. दोघांच्या शेतांमधला धुराही, म्हणजे बांधही, एकच. मंडळाचा टाळकरी ऐन वेळी आजारी पडला, म्हणून सगळ्यांत मागे टाळ घेऊन मला बसवले. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि चार माणसांसमोर बसण्यापेक्षा मला विहिरीत उतरणे सोपे वाटे. तिसऱ्या भजनात लय चढली आणि ठेका तुटला. दोन-तीन सेकंद दोन्ही खंजेऱ्या दोन दिशांना धावल्या. मग सावरल्या, पण परीक्षकांनी माना खाली घालून काहीतरी लिहिले आणि आमचा पहिला क्रमांक गेला.

मंडपाच्या मागे, चहाच्या पातेल्याजवळ, वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "नत्थू, तुह्या हातानं घात केला."

"माह्या?" नत्थुजी म्हणाले. "मी तं तुले सांभाळून राह्यलो होतो!"

त्या दिवसापासून ते बोलले नाहीत. गावातल्या लग्नांत दोघे दोन वेगळ्या पंगतींना बसत. पुढे नत्थुजींनी शेत बटाईने दिले आणि ते मुलीकडे, साधनाताईंकडे, अकोल्याला राहायला गेले.

मला मात्र ठेका तुटण्याच्या आधीचा एक क्षण आठवत होता. माझा टाळ अर्धी मात्रा आधी पडला होता. पडला असावा. त्या पातेल्याजवळ मी एक वाक्य बोललो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी तोंड उघडलेही होते; कोणीतरी हातात कप दिला, आणि मी उघडलेल्या तोंडात चहा ओतला.

स्पर्धेचे चित्रण दोन दिवसांनी स्थानिक केबल वाहिनीवर दाखवले गेले. आमचा टीव्ही तेव्हा नवा होता आणि चालू असलेला कार्यक्रम पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय त्यात होती. मी तो उतरवून घेतला. "ते लावाचं नाई," असे वडिलांनी बजावले, आणि इतक्या आनंदाने मी त्यांची आज्ञा कधीच पाळली नव्हती. केबलवाल्याचा धंदा पुढे बुडाला, त्याच्याकडचे सारे पुसले गेले. उरला आमचा पेनड्राइव्ह. तो फक्त त्याच टीव्हीवर चालतो. इतर कोणत्याही यंत्राला तो रिकामा दिसतो. चोरी होऊ नये म्हणून कंपनीने केलेली ही व्यवस्था. चांदूर बाजार तालुक्यातले भजन कोण चोरणार होते, हे कंपनीलाच ठाऊक.

गेल्या दिवाळीनंतर नत्थुजींची उजवी बाजू गेली. साधनाताईंनी माझ्या आईला, सुभद्रेला, फोन केला.

"काकू, बाबा एकच गोष्ट धरून बसले. म्हणते, त्या दिवसाचं चित्र महादेवपाशी हाय. त्याले म्हणा, आण अन् माह्यासमोर लाव."

वडील बाजेवर बसून ऐकत होते. "लावतो ना," ते म्हणाले. "त्याच्या तोंडासमोर लावतो. मले कायचा भेव हाय?"

"माणूस खाटेवर पडला," आई म्हणाली, "अन् तुमाले जिंकाचं पडलं."

"त्यालेच पडलं हाय. चित्र त्यानं मांगितलं."

दोघांनाही भेटायचे होते, हे घरातल्या गाईलाही कळले असते. पण मैत्रीला त्यांनी कोर्टातली तारीख करून ठेवले होते. पुराव्याशिवाय कोणी हजर राहायला तयार नव्हते. मला त्या दोघांचे हसू येत होते. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटे, की यांना हसणारा मी कोण? ते निदान एक चित्र मागत होते. मी तर एक वाक्य बोलावे लागू नये म्हणून एक फाईल शोधायला निघालो होतो.

मी अमरावतीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कंत्राटी सहायक आहे. शोधणे हे माझे काम आहे, असा माझा समज होता. तो समज इंटरनेटने महिनाभरात उतरवला. जगात माझ्यासारखे पुष्कळ होते. एका परदेशी चर्चापानावर सात वर्षांपूर्वी कोणीतरी नेमक्या याच टीव्हीची फाईल मागितली होती. त्याखाली दुसऱ्याने लिहिले होते, 'मलाही हवी.' तिसऱ्याने, 'मलाही.' चौथ्याने लिहिले होते, 'मिळाली, आभारी आहे!' कुठे मिळाली हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नव्हती. त्या चौथ्या माणसाइतका तिरस्कार मी आयुष्यात कोणाचा केला नसेल. एक गृहस्थ 'शंभर टक्के उपाय' अशा मथळ्याचा व्हिडिओ करून बसले होते. त्यात पहिली नऊ मिनिटे ते स्वतःविषयी बोलत आणि दहाव्या मिनिटाला टीव्हीची वायर काढून पुन्हा लावा, असे सांगत. तीन लाख लोकांनी ते पाहिले होते. अनेकांनी आशीर्वाद दिले होते.

शेवटी जुन्या फाईली साठवणारे एक ठिकाण सापडले. तिथे एका चौकटीत मॉडेल क्रमांक टाकावा लागे. मी टीव्ही फिरवला, पाठीमागची पट्टी पाहिली, आणि मला माझ्या आईची ओळख नव्याने झाली.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. वखर, विळे, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर: ज्यांच्यावर घर चालते त्या सगळ्यांना कुंकू लागते. टीव्हीवर घर चालत नाही, पण आईच्या मते तोही अवजारांतच मोडतो. पडद्याच्या काचेला बोट लावू द्यायला वडील तयार नव्हते. म्हणून आई दर वर्षी टीव्ही फिरवी आणि मागे, जिथे कंपनीचे नाव लिहिलेले आहे तिथे, ओल्या बोटाने हळदकुंकू लावी. नाव जिथे, कपाळ तिथे, असा तिचा सरळ विचार. दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्याने ते निगुतीने पुसून काढी. टीव्ही मागच्या खोलीत गेला तरी पूजा चुकली नाही. बारा खंडेनवम्यांनी मॉडेल क्रमांकाची शेवटची तीन अक्षरे धुऊन नेली होती.

मी फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, "मले का ठाऊक तठी एवढं कामाचं लिहून होतं? तुमच्या कंपनीनं ते काहून अशा जागी लिहिलं?"

याचे उत्तर कंपनीकडेही नसावे.

शेवटची तीन अक्षरे नसलेल्या त्या क्रमांकाच्या अकरा फाईली होत्या. मी तर्काने एक निवडली. तर्काने, असे म्हणतो. खरे तर मला तो शोध संपायला हवा होता. फाईल चढू लागली, अर्ध्यावर अडली, आणि टीव्ही बंद पडला. आता कंपनीचे नावही उमटेना. खाली एक लाल दिवा तेवढा जळत राहिला. मी त्या दिव्याकडे बराच वेळ पाहत बसलो, आणि माझ्या मनात जे आले ते लिहायला आजही लाज वाटते: मला हलके वाटले. पुरावा गेला होता. आता कोणालाच काही कळणार नव्हते. मग नत्थुजींचा पडलेला उजवा हात डोळ्यांसमोर आला आणि ते हलकेपण अंगावरून उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी टीव्ही घेऊन मी कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काचेचे दार, थंड हवा, आणि गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण. त्याने टीव्हीची पाठ पाहिली.

"सर, हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"कुंकू?" त्याने मागे वळून सहकाऱ्याला हाक मारली. "अबे, इकडे ये. टीव्हीचं लग्न झालं आहे."

दोघे हसले. मी, ज्याला बसमध्ये सुटे पैसे परत मागता येत नाहीत, टीव्हीची पाठ माझ्याकडे फिरवून घेतली.

"मॉडेल बंद झालं सर. सॉफ्टवेअर वरूनच काढून टाकलं आहे. एक्स्चेंजमध्ये द्या, नवीन घ्या. एक किलो दिवाळीचे काजू पण आहेत."

"दिवाळी होऊन तीन महिने झाले."

"म्हणूनच देऊन राह्यलो ना सर."

मी टीव्ही उचलून पायऱ्या उतरलो. गाड्या लावायच्या जागेत कंपनीचाच निळा सदरा घातलेला एक उतारवयाचा कारागीर तंबाखू मळत उभा होता. त्याने माझ्याकडे न पाहता म्हटले, "अकोल्याले जा साहेब. जुन्या कॉटन मार्केटच्या मांगं डोमाजीचं दुकान हाय. आता त्याची पोरगी बसते, दीक्षा. आमी बी तिच्यापासूनच आणतो."

ज्या फाईली कंपनीने जगातून नाहीशा केल्या होत्या, त्या कंपनीचीच माणसे अकोल्याच्या एका गल्लीतून गुपचूप आणत होती. काचेच्या दारामागचे ते थंड हवेचे दुकान मग नेमके कशासाठी होते? काजूंसाठी असावे.

अकोल्याला जायचे कळवताच वडील गावाहून आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. "मी येतो. तू एकटा गेला तं नत्थू म्हणल, महादेव भेला." गोधडीत गुंडाळलेला टीव्ही मांडीवर उभा धरून आम्ही बसमध्ये बसलो. बडनेरा सुटल्यावर कंडक्टर आला.

"याचं तिकीट?"

"कोणाचं?" वडील म्हणाले.

"हे गोधडीतलं."

"तो काय शीटवर बसून राह्यला का?"

"काकाजी, मांडीवर बसलं तरी पाच वर्षांच्या वरचं असन तं अर्धं तिकीट लागते."

"बारा वर्षांचा हाय," वडील गंभीरपणे म्हणाले, "पण बोलत नाई. फाड अर्धं." कंडक्टर हसत पुढे गेला. मूर्तिजापूरपर्यंत वडील खिडकीबाहेर पाहत होते. कपाशी उपटून झालेली काळी राने उघडी पडली होती. मध्येच ते म्हणाले, "त्याचा हात पह्यलेपासूनच भारी पडे. मास्तरबी सांगत." मी मान हलवली. सांगण्यासाठी दोन तासांचा रस्ता होता. मी तो सगळा रस्ता मान हलवण्यात घालवला.

डोमाजींचे दुकान म्हणजे छपरापर्यंत रचलेल्या टीव्हींच्या सांगाड्यांमधली एक वाट होती. वाटेच्या टोकाला एक तिशीतली बाई डोळ्याला भिंग लावून बसली होती. ही दीक्षा. तिने माझी हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"दोन महिने?" ती म्हणाली.

"हो."

"मॉडेल नंबर शोधत होते?"

"हो. तो पुसला गेला होता, म्हणून..."

"अन् झाकण एकदाबी नाई खोललं?" तिने वडिलांकडे पाहिले. "काकाजी, हे शिकेल हायेत का?"

"ग्रंथालयात हाय तो," वडील म्हणाले.

"तरीच."

तिने आठ स्क्रू काढले, मागचे झाकण उचलून बाजूला ठेवले आणि आतल्या हिरव्या पाटीवर बोट ठेवले. तिथे पांढऱ्या अक्षरांत एक क्रमांक छापलेला होता. स्वच्छ, पुरता, कुंकवाच्या आवाक्याबाहेर.

"हा बोर्डाचा नंबर. सॉफ्टवेअर याचं असते, टीव्हीचं नाई. चार कंपन्या हाच बोर्ड घेते अन् वरून आपलं नाव लावते. तुमी नाव शोधत बसले." तिने एक जुनी वही काढली. क्रमांक, तारीख, पेनड्राइव्हचा रंग. "आमचे बाबा दुरुस्तीले आलेल्या हर टीव्हीतलं सॉफ्टवेअर काढून ठेवत. कंपनीचा काही भरोसा नाई म्हणत."

पुस्तकाच्या वेष्टनावर जाऊ नका, आतला क्रमांक पाहा, असे मी रोज विद्यार्थ्यांना सांगतो. ते मी तिला सांगितले नाही. तिने माझ्याविषयी बनवलेले मत पुरेसे होते.

"पण एक सांगा," ती थांबून म्हणाली, "याच्यात काही रेकॉर्डिंग हाय का? ते खोलाची चावी याच चिपमंदी असते. पुरी चिप पुसून नवी फाईल मारली तं चावी जाते. तुमी मारलेली फाईल अर्ध्यात अडली, हे नशीब समजा."

वडील स्टुलावरून उठले. "बाई, त्याच्यातच तं आमचं सारं हाय."

"बसा काकाजी. चावीचा भाग मी तसाच ठेवते."

ती तासभर काम करत होती आणि वडील तासभर उभेच होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ज्या चित्रणाला ते दहा वर्षे तोंड द्यायला तयार नव्हते, त्याच्यासाठी ते एका अनोळखी दुकानात हात मागे बांधून, शाळेत उभे केल्यासारखे उभे होते. मग कंपनीचे नाव उमटले, थरथरले, आणि पडदा उजळला. पेनड्राइव्ह लावल्यावर यादीत एकच ओळ आली: दोन तास बारा मिनिटे.

"लावून पाहा," दीक्षा म्हणाली.

"नाई," वडील म्हणाले. "इथं नाई लावाचं. तो म्हणल, पह्यले पाहून आला अन् मंग तोंड तयार केलं."

दीक्षाने माझ्याकडे पाहिले. त्या एका नजरेत आमच्या दोन पिढ्यांचा निकाल होता.

साधनाताईंच्या घरी समोरच्या खोलीतच लोखंडी खाट होती. नत्थुजी उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

"आला का?" ते म्हणाले. जीभ थोडी जड झाली होती.

"आलो."

"टीव्ही आणला?"

"त्याच्यासाठीच आलो."

दहा वर्षांनी भेटलेल्या दोन मित्रांचे संभाषण इथे संपले. साधनाताईंनी टेबल मोकळे केले. चहा झाला. मी वायर दोनदा चुकीच्या जागी खुपसली, तेव्हा ताईंनी विचारले, "नितेश, बरं वाटत नाई का?"

पडद्यावर मंडप आला. वडिलांच्या मिशा काळ्या होत्या. नत्थुजींचा उजवा हात हवेत उडत होता, इतका सहज, की खाटेवरच्या नत्थुजींनी क्षणभर नजर खाली वळवली. सगळ्यांच्या मागे, एका टोपीआड, माझा अर्धा चेहरा होता. दुसरे भजन संपले. तिसरे सुरू झाले. लय चढू लागली. दोघे म्हातारे पुढे वाकले. ती जागा आता येणार होती. चार ओळी, तीन, दोन...

आणि पडदा गुलाबी झाला. "लग्नसराई महासेल!" एक स्त्री ओरडली. केबलवाल्याने जाहिरात घुसवली होती. भजनाच्या दुप्पट आवाजात शालू, पैठणी, नऊवारी, एकावर एक मोफत. एक मुलगी साडीचा पदर धरून गोल गोल फिरली, मग उलट दिशेने फिरली, मग दुकानाचा पत्ता दोनदा सांगितला गेला. मंडप परत आला तेव्हा ठेका सावरलेला होता आणि परीक्षक काहीतरी लिहीत होते.

कंपनी, काजू, अकरा फाईली, अर्धे तिकीट: सगळ्याच्या शेवटी एका केबलवाल्याने आमचे दहा वर्षांचे सत्य साडीच्या एका गिरकीला विकून टाकले होते.

"पाह्यलं?" वडील सर्वांत आधी बोलले. "जाहिरात यायच्या पह्यले तुहा हात जड पडून राह्यला होता."

"माहा? तुहीच मान डोलून राह्यली होती. मान डोलली की ठेका गेला!"

"मान कायची? मान काय खंजेरी वाजवते?"

"तुही तं मानच वाजवे! हातात होतं काय?"

त्यांना पुरावा मिळाला नव्हता, आणि त्याने दोघांचेही काही अडले नव्हते. मला तेव्हा कळले की आता माझ्यासाठी बोलणारे कोणी उरलेले नाही. यंत्रही नाही.

"माझ्याकडून झालं," मी म्हणालो.

कोणी ऐकले नाही. मी मोठ्याने म्हणालो. माझा मोठा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"काय झालं?" वडील वैतागून म्हणाले.

"ठेका. माझ्यामुळं तुटला. माझा टाळ अर्धी मात्रा पुढं गेला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मग नत्थुजी अर्ध्या तोंडाने हसू लागले. "तुहा टाळ? अबे, तुहा टाळ कोणाले ऐकू येत होता? डब्यात दोन चाराणे हलवल्यावानी!"

"हात एकमेकाले लागत नव्हते त्याचे," वडील म्हणाले. "भेत होता. त्याले मी निस्ता जागा भराले बसवला होता."

"मधात नको बोलू बेटा. हा मोठ्यायचा मामला हाय," नत्थुजी म्हणाले.

दहा वर्षे मी तो अपराध जिवापाड जपला होता. त्याच्यासाठी झोप घालवली, घरी जाणे टाळले, माणसांत मिसळणे टाळले. तो आज पुढे ठेवला, तर दोघांनी तो हातात घेऊनही पाहिला नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला, असा की तो जिभेपर्यंत पोचला.

"मग वाजवून पाहा," मी म्हणालो. "आत्ता. तेच भजन."

"कायनं वाजवू?" नत्थुजींनी उजव्या हाताकडे पाहिले.

"डावा आहे ना!"

असे मी कोणाशी कधी बोललो नव्हतो. साधनाताई आत गेल्या. माझ्यासाठी दोन वाट्या आणि वडिलांसाठी एक ताट घेऊन आल्या. नत्थुजींनी डावा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर ठेवला. टीव्हीवर कुठल्याशा दुसऱ्या गावचे मंडळ गात होते; ताईंनी त्याचा आवाज बंद केला.

वडिलांनी सुरुवात केली. नत्थुजींचे शब्द एकमेकांत अडकत होते, पण पट्टीवरची बोटे चुकत नव्हती. मी वाट्या वाजवत होतो. पहिले कडवे गेले. दुसरे गेले. लय चढली. तिथे, ओळ वळते त्या ठिकाणी, अर्धी मात्रा मोकळी आहे. सगळे तिथे श्वास घेतात. मला त्या मोकळ्या जागेची भीती वाटते, हे मला त्या खोलीत त्या क्षणी उमगले. माणसे गप्प झाली की माझ्या अंगाला घाम सुटतो. आणि मी जिथे बोलू शकत नाही तिथे माझे हात घाईने काहीतरी करून मोकळे होतात. मी मुद्दाम केले नाही. वाट्या आपटल्या. अर्धी मात्रा आधी.

ताट आणि पट्टी एकदम थांबली. दोघांनी माझ्याकडे पाहिले नाही, एकमेकांकडे पाहिले.

"महादेव."

"हं."

"हेच तं होतं."

"हेच होतं." वडिलांनी ताट मांडीवर उपडे ठेवले. "मी समजलो, तू घाई केली."

"मी समजलो, तू."

मग नत्थुजी माझ्याकडे वळले. "अबे भुताड्या, दहा साल तोंडात का दही घेऊन बसला होता?"

मी हातातल्या वाट्या एकात एक घातल्या.

"माहंच पोट्टं हाय," वडील खाली पाहत म्हणाले. "तं चूक माहीच झाली, नत्थू."

"म्हंजे मी जिंकलो?"

"जिंकला कायचा! त्याचं चुकलं तं तू त्याच्या मांगं काहून धावला? मुरलेला खंजेरीवाला हायेस ना?"

"अन् तू? तू तं त्याच्याबी पुढं पळाला!"

साधनाताई दाराला टेकून उभ्या होत्या. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता अजून दहा साल लावू नका बाप्पा. मले स्वयंपाक करा लागते. काका, जेवून जाजा."

"जेवाले काय हाय?" वडिलांनी विचारले, आणि नत्थुजींच्या खाटेवर, त्यांच्या पायाशी, सरकून बसले.

"पह्यले हे घे पुन्यांदा," नत्थुजी म्हणाले. "मधातूनच घे. अन् तू बे, ग्रंथालय, वाट्या खाली ठेव."

मी त्या खाली ठेवल्या. त्यांनी भजन पुन्हा उचलले. ओळ वळते ती जागा आली. दोघांनी श्वास घेतला, आणि त्या शांततेत मी माझे दोन्ही हात घट्ट धरून बसलो. जागा गेली. लोखंडी पट्टी आणि ताट बरोबर समेवर पडले.

"तुहा डावा उजव्यापरीस बरा हाय," वडील म्हणाले.

"मंग तवाच सांगाचं ना! मी उजवा सांभाळत बसलो नसतो."